'वनिता मंडळ'च्या फिती गेल्या कुठे?

किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक 1930 साली सुरू झालं. त्याचे बांधीव खंड जुन्या ग्रंथालयांत आजही सापडतात. धूळ झटकावी लागते, पानं जपून उलटावी लागतात, पण सापडतात. त्यामुळे 1935 किंवा 1955 साली मराठी मध्यमवर्गीय बाई लग्नाबद्दल, शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल काय वाचत होती आणि काय लिहीत होती, हे अभ्यासकाला पुराव्यानिशी सांगता येतं. आता तोच अभ्यासक मुंबई आकाशवाणीचं 'वनिता मंडळ' ऐकायला निघाला तर? लीलावती भागवतांसारख्या लेखिकेनं सांभाळलेला हा कार्यक्रम. दुपारची झाकपाक उरकून बायका तो ऐकत. त्यातली भाषणं, मुलाखती, श्रुतिका वर्षवार लावून ठेवल्या आहेत आणि कुणीही जाऊन ऐकाव्यात, अशी सोय नाही. म्हणून आपल्याकडे स्त्रियांचा इतिहास लिहिताना दाखल्याला मासिकं येतात, रेडिओ येत नाही. वाचणाऱ्याला वाटावं, बायकांनी एवढी वर्षं रेडिओ लावलाच नाही.

ही रड एकट्या आकाशवाणीची नाही. बायकांसाठीचे कार्यक्रम जगात रेडिओच्या जन्मापासून होते आणि त्यांतले बहुतेक हवेत विरून गेले. काही मात्र टिकले. कुठे टिकले आणि कशामुळे, हे जरा ओळीनं पाहण्यासारखं आहे.

1926 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या शेती खात्यानं गृहिणींसाठी रोजचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात 'आंट सॅमी' नावाची एक मावशी स्वयंपाकाचं, कपड्यांचं, घरखर्चाचं सांगायची. अशी बाई प्रत्यक्षात नव्हतीच. खात्यातून संहिता लिहून जायची आणि त्या त्या गावच्या केंद्रावरची स्थानिक बाई ती वाचायची. म्हणजे एकाच वेळी कितीतरी आंट सॅम्या देशभर बोलत असत. पुढच्याच वर्षी तिच्या पाककृतींचं पुस्तक निघालं आणि ते हातोहात खपलं. आज हातात आहेत त्या संहिता आणि ते पुस्तक. त्या बायकांचे आवाज कुणी धरून ठेवले नाहीत, कारण तेव्हा सगळं थेट जायचं. तबकडीवर मुद्रण करणं महाग होतं आणि भेंडीची भाजी कशी करावी यासाठी तबकडी कोण खर्च करणार?

बीबीसीचा 'वुमन्स अवर' 7 ऑक्टोबर 1946 ला सुरू झाला. पहिला निवेदक पुरुष होता, अॅलन आयव्हिमी. बायकांशी बायकांच्या गोष्टी एका बाप्यानं बोलाव्यात यात तेव्हाच्या अधिकाऱ्यांना काही वावगं वाटलं नाही. श्रोत्या बायकांना वाटलं, आणि लवकरच बायका सूत्रधार झाल्या. हा कार्यक्रम आजही चालू आहे. त्याच्या पहिल्या काही वर्षांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यत्वे कागदांमुळे. कॅव्हरशम इथं बीबीसीचा लेखी दफ्तरखाना आहे. तिथं संहिता आहेत आणि कचेरीतला आपसातला पत्रव्यवहारही आहे. पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींवर भर दुपारी रेडिओवर बोलल्याबद्दल एका वरिष्ठाला किती अवघडल्यासारखं झालं, हे त्या पत्रव्यवहारातून कळतं. साहेबाची नाराजी फाइलला लागली. जी डॉक्टर किंवा जी गृहिणी बोलली, तिचा आवाज मात्र बहुतेक वेळा गेला.

चुंबकीय फीत आली तेव्हा हे बदलायला हवं होतं. उलट पुसणं सोपं झालं. पाव इंची फितीचं 1200 फुटांचं रीळ नेहमीच्या गतीला जेमतेम अर्धा तास चालतं. फीत महाग, बऱ्याचदा परदेशी आणि कोट्यानं मिळणारी. कार्यक्रम झाला की ती पुसून पुन्हा वापरायची, हा जगभरच्या केंद्रांचा रिवाज, आणि आकाशवाणीचाही. त्यातून कोणती फीत वाचवायची, हा निर्णय रोज कुणीतरी घेत होतं. आपल्या देशात तो निर्णय कसा लागला हे उरलेल्या फितींवरून उघड दिसतं. पुढाऱ्यांची भाषणं राहिली. 12 नोव्हेंबर 1947 ला गांधीजी दिल्लीच्या केंद्रावर एकदाच आले, ते मुद्रण राहिलं, आणि राहायलाच हवं होतं. संगीत राहिलं. 1955 साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' झालं, त्यात माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर गायल्या. ती गाणी पुस्तकातून, तबकड्यांतून, घराघरांतल्या पाठांतरातून आजही आहेत. गाणारी बाई जपली गेली, बोलणारी पुसली गेली. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. गाण्याला कला म्हणून किंमत होती. बोलण्याला, त्यातून दुपारच्या बोलण्याला, ती नव्हती. ते रोजचंच, उद्या पुन्हा होणारं.

श्रुतिकांचंही तेच. 'प्रपंच' मालिकेतल्या मीनावहिनी, म्हणजे नीलम प्रभू, आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी हे एका पिढीच्या तोंडी होते. चाळीतल्या, ब्लॉकमधल्या मराठी संसारात पगार, पाहुणे, महागाई आणि सासर-माहेर यांची ओढाताण कशी होती हे त्या मालिकेतून कळावं. आज ती आपल्याला कळते ती आठवणींच्या लेखांतून. आठवणी गोड असतात, त्यांत प्रत्यक्ष संवाद कमी असतात.

इथं थोडं विषयांतर. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. 27 ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण, 12 नोव्हेंबरला धाड आणि अटक. उषाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या. त्या प्रक्षेपणांत काय बोललं गेलं हे आज वाचता येतं, कारण ब्रिटिश सरकार ते ऐकून टिपून घेत होतं. उषा ठक्कर यांनी 2021 साली काढलेल्या पुस्तकात त्या सरकारी टिपणांचा आधार आहे. आपल्या रेडिओच्या इतिहासात एका तरुणीनं चालवलेल्या केंद्राचा मजकूर इतक्या काळजीनं उतरवून ठेवला तो पोलिसांनी. याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातही 1955 ते 1961 अशी सहा वर्षं लिबिया लोबो सरदेसाई यांनी वामन सरदेसाईंसोबत रानातून गुप्त केंद्र चालवलं. त्यांची कहाणी आपल्याला कळली ती पुढे मुलाखतींतून त्यांनी स्वतः सांगितली म्हणून.

आता जिथं जपलं गेलं तिथं वळू. सगळ्यात ठळक नाव पॅसिफिका. युद्धविरोधी विचारांच्या लुइस हिलनं कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात 1949 साली केपीएफए हे केंद्र सुरू केलं. जाहिराती नाहीत, सरकारी पैसा नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचं. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन अशी भावंडं झाली. ह्यूस्टनचं केंद्र 1970 साली सुरू झाल्या झाल्या त्याचा ट्रान्समीटर दोनदा बाँबनं उडवला गेला, यावरून ते काय बोलत होते याचा अंदाज यावा. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआयवर सत्तरच्या सुमारास नॅनेट रेनोन यांच्यासारख्या निर्मात्यांनी वेगळाच प्रकार केला. स्त्रीमुक्ती गटांत बायका गोल करून बसून स्वतःच्या घरातलं बोलत, तसं बोलणं त्यांनी थेट हवेत सोडलं. घरकाम कुणी करायचं, गर्भपात, नवऱ्याचा धाक, पगारातला फरक. तज्ज्ञ बाईनं गृहिणीला सांगायचं, ही रेडिओची जुनी तऱ्हा तिथं मोडली. बाई स्वतःच माहितीचा स्रोत झाली.

या फिती टिकल्या कशा? पॅसिफिकाची केंद्रं एकमेकांना कार्यक्रम पाठवत, बाहेरच्या केंद्रांना आणि शाळा-कॉलेजांना प्रती देत. एका फितीच्या चार प्रती चार गावांत असल्या की ती मरत नाही. शिवाय वर्गणीदार श्रोत्याला कार्यक्रम आपला वाटतो, तो पुन्हा मागतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसला या सगळ्यांचं भांडार एकत्र केलं गेलं. 2013 ते 2016 या काळात अमेरिकी सरकारच्या ऐतिहासिक दस्तऐवज आयोगाच्या मदतीनं त्यातून 1963 ते 1982 या काळातली स्त्रियांविषयीची सुमारे दोन हजार मुद्रणं संगणकावर उतरवली गेली आणि लोकांना खुली झाली. 1963 हे बेटी फ्रीडनच्या गाजलेल्या पुस्तकाचं साल, आणि 1982 हे समान हक्कांची घटनादुरुस्ती मुदतीत मंजूर न होता बारगळली ते साल. मधल्या वीस वर्षांतली चळवळ त्यात ऐकू येते, तिच्यातल्या भांडणांसकट. काळ्या बायका गोऱ्या बायकांना काय सुनावत होत्या, हे छापील जाहीरनाम्यात सापडत नाही तेवढं तिथं सापडतं. पैसा तरीही पुरत नाही. 'फीत दत्तक घ्या' म्हणून श्रोत्यांकडे हात पसरावे लागतात. आणि संग्रह मोठा असला तरी तो शहरांतल्या केंद्रांचा आहे, हेही लक्षात ठेवावं.

अमेरिकेतच मेम्फिसला 1955 साली डब्ल्यूएचईआर नावाचं केंद्र निघालं होतं, जवळजवळ सगळा कारभार बायकांच्या हाती. काढणारा सॅम फिलिप्स, एल्व्हिस प्रेस्लीला पुढे आणणारा. या केंद्राची कथा 1999 साली 'किचन सिस्टर्स' या दोन निर्मात्या बायकांनी तिथं काम केलेल्या निवेदिकांना बोलतं करून उभी केली, तोवर मेम्फिसबाहेर ती फारशी कुणाच्या गावी नव्हती. ऑस्ट्रेलियात 8 मार्च 1975 ला सरकारी एबीसीवर 'कमिंग आउट शो' सुरू झाला तो 1998 पर्यंत चालला. 1986 पासूनची 'विंग्ज' ही वृत्तसेवा आणि 1991 पासूनचं कोस्टारिकातलं 'फायर' या दोन्ही बायकांनीच उभ्या केल्या. सरकारी असो की बिनसरकारी, टिकलं तिथं एक गोष्ट सारखी दिसते. बायका नुसत्या माइकसमोर नव्हत्या, निर्मितीच्या टेबलाशीही होत्या आणि कोणती फीत ठेवायची हे त्या सांगू शकत होत्या.

आपल्याकडे हे घडलं ते उशिरा आणि अनपेक्षित जागी. 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. त्याच सुमारास तेलंगणातल्या झहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांना आपला रेडिओ हवा होता. या बहुतेक दलित शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी बायका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युनेस्कोच्या मदतीनं माचनूर गावात त्यांचा स्टुडिओ उभा राहिला, आणि परवाना काही मिळेना. सरकारनं 2002 साली कम्युनिटी रेडिओ खुला केला तो फक्त शिक्षणसंस्थांना. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं 2006 च्या अखेरीस. मधली वर्षं या बायका थांबल्या नाहीत. बियाणं कसं ठेवावं, ज्वारी-बाजरीचे कोणते वाण गेले, बाळंतपणातले घरगुती उपचार, मजुरीचे तंटे, सणांची गाणी, हे सगळं मुद्रित करून कॅसेट संघाच्या बैठकीत वाजवत राहिल्या. त्यामुळे एक उलटाच प्रकार घडला. 15 ऑक्टोबर 2008 ला संघम रेडिओ सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे प्रक्षेपणाआधीच संग्रह होता. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत आले होते. अल्गोळे नरसम्मा आणि 'जनरल' नरसम्मा या दोघी ते केंद्र चालवू लागल्या.

कच्छमध्ये कच्छ महिला विकास संघटनेनं 1999 च्या अखेरीस भूज आकाशवाणीची वेळ घेऊन कच्छी बोलीत मालिका केली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं 'माणदेशी तरंग' 2008 साली सुरू झालं. या आपल्या भाषेतल्या केंद्रावर मेंढपाळ बाई, चारा छावणीतली बाई, बाजारात बसणारी बाई माणच्या बोलीत बोलते. पुढच्या पन्नास वर्षांनी दुष्काळातल्या बाईचा इतिहास लिहायचा तर हे सोनं आहे. आता नियम पाहा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार कम्युनिटी रेडिओनं प्रत्येक कार्यक्रमाचं मुद्रण प्रक्षेपणापासून तीन महिने ठेवायचं. तक्रार आली, चौकशी झाली, तर पुरावा हवा म्हणून. तीन महिने संपले की सरकारच्या लेखी त्या आवाजाचं काम झालं. शंभर वॉटच्या ट्रान्समीटरवर चालणाऱ्या, पगाराची भ्रांत असणाऱ्या केंद्रानं त्यापुढे स्वतःच्या खर्चानं हार्ड डिस्क भरत राहावं, ही अपेक्षा कुणी करायची?

श्रोत्यांची बाजू तर आणखीनच हरवते. 1996-97 मध्ये आकाशवाणीच्या हिंदी केंद्रांवरून 'तिनका तिनका सुख' ही 104 भागांची मालिका झाली. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावानं ती ऐकून एक पोस्टरएवढं पत्र पाठवलं. हुंडा देणार-घेणार नाही, मुलींना शिकवू, खाली 184 सह्या. मालिकेवरच्या अभ्यासांत सारखं पुढे येतं ते हे पत्र. आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्रावर अशी पोतीभर पत्रं येत होती. महिला कार्यक्रमाला आलेली पोस्टकार्डं म्हणजे खेड्यातल्या बाईच्या हातचं लिखाण. त्यांचं काय झालं असेल हे जुन्या कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. रद्दीची गाडी दर वर्षी येते.

समजा फीत सापडली. तरी काम संपत नाही. जुन्या फितींचा, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही जातींचा, गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो. अशी फीत तशीच यंत्रावर चढवली तर लेप खरवडून निघतो आणि आवाज कायमचा जातो. ती आधी मंद उष्णतेत, साधारण 50 अंशांच्या आसपास, कित्येक तास भाजावी लागते, मग लगेच उतरवून घ्यावी लागते. अर्ध्या तासाच्या फितीला किमान अर्धा तास लागतोच, तिथं घाई चालत नाही. रीळ वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहानं 2015 सालीच बजावलं होतं, की 2025 पर्यंत उतरवून घेतल्या नाहीत त्या फितींची आशा बहुतांशी सोडावी. ते साल येऊन गेलं. मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या फितींसाठी तर ती मुदतही उदारच होती.

आणि उतरवलं म्हणजे सापडलं, असंही नाही. डब्यावर 'महिला कार्यक्रम, चर्चा, 3 बाया' एवढंच लिहिलेलं असेल तर ती फाइल संगणकावर गेली काय आणि माळ्यावर राहिली काय, सारखंच. पुरुष वक्त्याचं नाव, हुद्दा, पदवी असते. बाईचं 'सौ. कुलकर्णी'. कोणत्या कुलकर्णी? या बाबतीत आपल्याच मातीतलं उत्तम काम रेडिओबाहेर झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या, आणि 2017 पासून 'परी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करत आहे. प्रत्येक ओवीला गाणारणीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. मुंबईतल्या 'स्पॅरो' या संग्रहानंही 1988 पासून हेच व्रत घेतलं आहे. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी उभारलेल्या या संस्थेत बायकांच्या मुलाखती आवाजात आणि चित्रांत जपल्या आहेत. आकाशवाणीच्या सूचीला हा दर्जा आला तर निम्मं काम झालं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती उत्साहाच्या भरात विसरली जाते. म्हसवडच्या किंवा माचनूरच्या बाईनं नवऱ्याच्या मारझोडीबद्दल जे सांगितलं ते दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूसाठी, त्या संध्याकाळपुरतं. तेच जगभर, कायमचं, नाव शोधताच सापडेल असं ठेवायला तिनं होकार दिलेला नव्हता. सगळंच खुलं करा ही मागणी ऐकायला छान वाटते, पण ती बाईच्या जिवावर उठू शकते. अशा फिती उतरवून जतन कराव्यात आणि ऐकायला देताना तिला किंवा तिच्या माणसांना विचारावं, हाच रास्त मार्ग. कायद्याचा बाऊ मात्र उगीच केला जातो. प्रक्षेपणावरचा हक्क आपल्या कायद्यात 25 वर्षांचा आहे, ध्वनिमुद्रणावरचा 60 वर्षांचा. संहिता लिहिणाऱ्या व्यक्तीचा हक्क तिच्या पश्चात 60 वर्षं राहतो, त्यासाठी वारसांना एक पत्र टाकावं लागेल. पन्नास-साठच्या दशकांतल्या किती लेखिकांचे वारस नाही म्हणतील?

आकाशवाणीकडे दिल्लीचं मध्यवर्ती भांडार आहे, डिजिटायझेशन चालू आहे, त्यातून संगीताचे संच बाजारातही आले. मग मुंबई, पुणे, नागपूर, पणजी या केंद्रांवर महिला कार्यक्रमांच्या किती फिती शिल्लक आहेत, त्यांवर काय लिहिलं आहे, याची नुसती यादी तरी आधी जाहीर व्हावी. यादीला भट्टी लागत नाही, जुनं यंत्र लागत नाही, दोन जाणकार माणसं आणि काही महिने लागतात. आणि वाचकांपैकी कुणाच्या आईनं, आजीनं, सासूनं रेडिओवर भाषण केलं असेल, तर घरातलं कपाट एकदा उपसून पाहा. भाषणाची कार्बन प्रत, आकाशवाणीचं करारपत्र, टेपरेकॉर्डरवर घरीच उतरवून घेतलेली कॅसेट, काहीही असेल. त्यावर त्यांचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव आणि तारीख लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरी जवळच्या विद्यापीठाला किंवा 'स्पॅरो'सारख्या संग्रहाला द्या. कॅसेट असेल तर ती घरच्या जुन्या यंत्रावर वाजवून पाहू नका, आधी जाणकाराला दाखवा.